टॉकीजची केबिन

मागं ऐकू येतंय ना? बरं.

विषय दिलाय आपल्या जुन्या टॉकीजचा, आणि आयोजकांना वाटलं असणार मी कुठला पिक्चर किती आठवडे चालला ते सांगेन. ते तुम्हालाच जास्त माहितीय, पुढच्या रांगेतली निम्मी मंडळी शाळा बुडवून तिथंच असायची. मी केबिनबद्दल बोलणार, म्हणजे पिक्चर पडद्यावर टाकायची दोन मशीनं असायची त्या खोलीबद्दल, कारण ऑपरेटर मामांचा जेवणाचा डबा पोचवायला मी रोज तो लोखंडी जिना चढायचो.

सांगली मूळची नाटकाची. 1843 ला विष्णुदास भाव्यांनी सीता स्वयंवर केलं ते इथंच, आणि मास्टर दीनानाथांनी बलवंत पिक्चर्स काढली तीपण इथंच, 1934 ला कृष्णार्जुन युद्ध आला, कंपनी मात्र टिकली नाही. असो, हे आपण दर व्याख्यानमालेत ऐकतो.

तर केबिन. भिंती जाड, भोकं एवढीशी, आणि भोकांवर लोखंडी झडपा. मला वाटायचं लोकांनी फुकट बघू नये म्हणून असेल. तसं नाही, पूर्वीची फिल्म नायट्रेटची असायची आणि ती पेटली की पाण्यातसुद्धा विझत नाही, कारण जळताना लागणारा ऑक्सिजन तिच्यातूनच सुटतो, म्हणून आग केबिनमध्येच कोंडायला त्या झडपा. 1950 च्या आसपास अशी न भडकणारी सेफ्टी फिल्म आली तरी झडपा तशाच राहिल्या.

उजेड बल्बचा नव्हता, कार्बनचा. दोन कांड्या समोरासमोर, मधल्या फटीत वीज जळायची, आणि कांड्या जळून आखूड होत जायच्या म्हणून मामा काळ्या काचेतून बघत त्या सारख्या जवळ आणायचे, जरा दुर्लक्ष झालं की पडदा पिवळा पडायचा आणि खालून शिट्ट्या, वर आईबहिणीवरून शिव्या. त्यात दर 20-22 मिनिटांनी रीळ संपायचं. फिल्म पळायची मिनिटाला 90 फूट, म्हणजे अडीच तासांच्या पिक्चरला साडेतेरा हजार फूट, चार किलोमीटर हो! पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकायचा, तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची, सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका, की लगेच चित्र तिकडं. तुम्ही आयुष्यभर ते ठिपके बघितलेत, पण हिरोइन सोडून कोपऱ्यात कोण बघतंय!

म्हणून मला विचाराल तर मामांनी एकही पिक्चर बघितला नाही. गाणी पाठ, संवाद पाठ, पण गोष्ट विचारली की म्हणायचे, "कोपरा बघत होतो रं."

पुढं झेनॉनचा दिवा आला, कांड्या गेल्या. टीव्ही, व्हिडिओ, केबल, ते सगळं तुमच्या डोळ्यासमोर झालं. मग पिक्चर सॅटेलाइटवरून यायला लागले, एसटीच्या टपावरून रिळांच्या पत्र्याच्या पेट्या यायच्या बंद झाल्या, आणि मामांच्या जागी एक पोरगं बसलं, बटण दाबून मोबाइल बघत. त्याचा काय दोष, कोपऱ्यात ठिपकाच नाही तर बघणार काय.

जळून उरलेली कार्बनची थोटकं आणि तुटलेल्या फिल्मचे तुकडे मामा मला द्यायचे, बल्बमध्ये पाणी भरून त्याचं भिंग करून आम्ही वाड्यात सिनेमा दाखवायचो, तिकीट एक गोटी. ती थोटकं आणि तुकडे आज आणलेत, इथं टेबलावर डब्यात आहेत. बघायला या, फक्त फिल्म कडेनं धरा, मधी बोट लावलं की मामा ओरडायचे.