मसुराच्या आकाराच्या दीर्घिका

बेळगाव शहराचे दिवे पाठीशी टाकून येळ्ळूरच्या शिवारात दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. मार्चअखेरीस रात्री दहा-साडेदहाला मघा नक्षत्रातला ठळक तारा जवळजवळ डोक्यावर येतो. हात लांब करून वीत पसरा आणि त्या ताऱ्यापासून वीतभर दक्षिणेला उतरा. साध्या डोळ्यांना तिथे काहीच दिसणार नाही. पण सहा इंची दुर्बीण लावली, तर मधे उजळ आणि दोन्ही टोकांना निमुळता होत गेलेला एक फिकट पट्टा दिसतो.

ही एनजीसी ३११५ नावाची दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने ती १७८७ साली पाहिली. अंतर सुमारे ३ कोटी प्रकाशवर्षे.

भात निघालं की याच शिवारात मसूर पेरतात. मसुराचा दाणा कडेने बघा: मधे फुगीर, काठाला पातळ. या दीर्घिकेचा आकार तसाच आहे. आता तोच दाणा तळहातावर आडवा ठेवून वरून बघा. नुसता गोल! चेंडू वरून बघितला तरी गोलच दिसतो. मग समोर चेंडू आहे की चपटा दाणा, हे ओळखायचं कसं? दीर्घिकेला काही आपण फिरवून बघू शकत नाही.

खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलने १९२६ साली दीर्घिकांचे प्रकार पाडले. एकीकडे लंबवर्तुळाकार, दुसरीकडे मधून बाहेर वळत जाणाऱ्या भुजा असलेल्या सर्पिल. दोन्हींच्या मधली जागा त्याने १९३६ साली ‘एस-शून्य’ या प्रकाराला दिली, आणि तेव्हा हा प्रकार बराचसा तर्कानेच मांडलेला होता. तबकडी आहे, मधे मोठा फुगवटा आहे, पण भुजा नाहीत आणि नवे तारे जवळजवळ जन्मत नाहीत. पुढे छायाचित्रं सुधारली आणि अशा दीर्घिका खरोखरच सापडत गेल्या. १९६१ साली खगोलशास्त्रज्ञ ॲलन सँडेजने धुळीवरून त्यांचे पोटभाग केले. कालेय तारकासमूहातल्या एनजीसी ५८६६ मध्ये धुळीची काळी रेघ दीर्घिकेला मधोमध चिरत जाते. काहींत मधून ताऱ्यांचा आडवा दांडाही असतो. त्यांची नोंद वेगळी होते.

पण ही सगळी वर्गवारी छायाचित्र बघून केलेली. वरून दिसणाऱ्या गोलाचं कोडं त्यातून सुटत नव्हतं.

ते सुटलं गतीवरून. दीर्घिका स्वतःभोवती फिरते, तेव्हा तिची एक बाजू आपल्याकडे येते आणि दुसरी लांब जाते. येणाऱ्या बाजूचा प्रकाश किंचित निळ्याकडे सरकतो, जाणाऱ्या बाजूचा तांबड्याकडे. तबकडी त्या दाण्यासारखी अगदी पुरती वरून दिसत असेल, तरच ही खूण हरवते. स्पेनच्या ला पाल्मा बेटावर हर्शेलच्याच नावाची दुर्बीण आहे. तिच्यातून जवळच्या २६० दीर्घिकांचा प्रकाश असा भागाभागाने तपासला गेला. सगळ्या लंबवर्तुळाकार किंवा एस-शून्य म्हणून नोंदलेल्या. २०११ साली निष्कर्ष आले: त्यांतल्या ८६ टक्के तबकडीसारख्या शिस्तीत, वेगाने फिरतात. लंबवर्तुळाकार म्हणून नोंदलेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश दीर्घिकाही त्यांतच निघाल्या. इतकी वर्षं आपण ज्यांना चेंडू म्हणत होतो, त्यांतल्या कितीतरी आतून तबकडीसारख्या वागत होत्या. मला या विषयातली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते.

मग भुजा गेल्या कुठे? एस-शून्य दीर्घिका इतर दीर्घिकांच्या दाट गुच्छांत जास्त आढळतात. गुच्छातल्या तापलेल्या वायूतून एखादी सर्पिल दीर्घिका वेगाने जाते, तेव्हा समोरचा दाब तिच्यातला थंड वायू खरवडून काढतो. वायू नाही म्हणजे नवे तारे नाहीत. निळे, तेजस्वी तारे लवकर संपतात, भुजा पुसट होत जातात आणि जुने, पिवळट तारे उरतात.

एनजीसी ३११५ ला मात्र हे लागू पडत नाही. आपल्या जवळच्या एस-शून्य दीर्घिकांपैकी ही एक, आणि ती कुठल्याही दाट गुच्छात नाही. लहान दीर्घिका गिळून, आपला वायू आधीच वापरून टाकून ती अशी झाली असावी. म्हणजे या आकाराकडे जाणाऱ्या वाटा एकाहून अधिक आहेत. नुसतं ‘एस-शून्य’ म्हटल्याने तिची वाट कळत नाही. त्यासाठी तिच्या ताऱ्यांचं वय, त्यांतली मूलद्रव्यं आणि त्यांची गती एकेका दीर्घिकेत वेगळी मोजावी लागते. ते काम आज चालू आहे.