रोजची शंभर पत्रं

(एका ग्रंथालयाच्या वार्षिक व्याख्यानमालेत दिलेलं भाषण. बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)

मी तत्त्वज्ञानाचा माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझी सगळी नोकरी आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपालसेवेत गेली. चालत्या गाडीच्या टपालडब्यात रात्रभर उभं राहायचं आणि पत्रं गावागावांच्या खणांत टाकायची. त्यामुळे पत्र म्हटलं की मजकुराच्या आधी माझ्या डोळ्यांसमोर गठ्ठा येतो. एखाद्या घराला रोज किती टपाल जातं, यावरून त्या घराबद्दल बरंच कळतं.

इंग्रज तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांच्याबद्दल मला कुतूहल वाटलं ते अशाच एका आकड्यामुळे. कुणीतरी त्यांना त्यांचा दिनक्रम विचारला होता आणि त्यांनी तो मुद्देसूद लिहून कळवला होता. सकाळी 8 ते साडेअकरा पत्रं आणि वर्तमानपत्रं. साडेअकरा ते 1 भेटायला आलेली माणसं. दुपारी 2 ते 4 वाचन, तेही मुख्यतः अण्वस्त्रांविषयीचं. 4 ते 7 लेखन किंवा भेटीगाठी. रात्री 8 ते 1 पुन्हा वाचन-लेखन. आणि मध्येच एक वाक्य: मला रोज सरासरी शंभर पत्रं येतात.

मी लगेच हिशेब केला. साडेतीन तास म्हणजे 210 मिनिटं. वर्तमानपत्रांना एक मिनिटही दिलं नाही तरी एका पत्राच्या वाट्याला दोन मिनिटं येतात. सकाळच्या सॉर्टिंगला आम्हाला तरी याहून किती वेळ मिळायचा! आणि आम्हाला उत्तरं द्यायची नसायची.

हे घर होतं उत्तर वेल्समध्ये, पेनरिन्डायद्राइथ नावाच्या गावाजवळ. (हे नाव मी घरी आरशासमोर म्हणून पाहिलंय, तरी चुकलंच असणार.) घराचं नाव प्लास पेनरिन. समोर खाडी, पलीकडे स्नोडनचे डोंगर. 1950च्या दशकाच्या मध्यापासून रसेल तिथे चौथ्या पत्नी एडिथ यांच्यासोबत राहत होते. जन्म 1872चा. आजोबा दोनदा इंग्लंडचे पंतप्रधान झालेले, आणि हे आजोबा एल्बा बेटावर जाऊन नेपोलियनला भेटून आलेले! म्हणजे ज्याच्या घरात नेपोलियनची आठवण ऐकीव नव्हती, असा माणूस हायड्रोजन बॉम्बबद्दलच्या पत्रांना उत्तरं देत बसला होता. गणिताच्या पायावरचं जाडजूड काम झालं होतं, 1950चं साहित्याचं नोबेल मिळालं होतं, लोकांनी त्यांना निवांत पुतळा करून ठेवायला हरकत नव्हती. त्याऐवजी लोक त्यांना पत्रं लिहीत होते.

कोण लिहायचे? देव मानणारे, न मानणारे, बॉम्बला घाबरलेले, बॉम्बचं समर्थन करणारे, शाळेतली मुलं, विश्वाचं कोडं सुटलं असं वाटणारे विक्षिप्त. 1969 साली, त्यांच्या हयातीतच, सामान्य लोकांशी झालेल्या या पत्रव्यवहाराचं एक पुस्तक निघालं. संपादक होते दक्षिण आफ्रिकेतून परागंदा झालेले दोन तरुण, बॅरी फाइनबर्ग आणि रॉनी कॅसरिल्स. यातले कॅसरिल्स पुढे स्वतंत्र दक्षिण आफ्रिकेत मंत्री झाले.

त्या पत्रव्यवहारातलं माझं सर्वांत आवडतं उत्तर 1958चं आहे. एकाने विचारलं होतं, तुम्ही नास्तिक की अज्ञेयवादी? रसेल लिहितात, खरं तर मी स्वतःला अज्ञेयवादी म्हणायला हवं, पण व्यवहारापुरता मी नास्तिकच आहे. आणि मग ती चहाची किटली येते. पृथ्वी आणि मंगळ यांच्यामध्ये चिनी मातीची एक किटली लंबवर्तुळाकार कक्षेत फिरत नाही, हे कुणालाच सिद्ध करता येणार नाही. पण ती शक्यता व्यवहारात धरावी इतकी मोठी आहे, असं कुणालाच वाटत नाही. ख्रिस्ती देवाबद्दल माझं तसंच आहे. संपलं पत्र. ही किटली त्यांनी 1952 साली एका साप्ताहिकासाठी लिहिलेल्या लेखात आधी वापरली होती, पण तो लेख साप्ताहिकाने छापलाच नाही. मग ती पडून राहिली आणि सहा वर्षांनी एका अनोळखी माणसाच्या उत्तरात कामी आली. आपल्याकडे घरी पाहुणा आला की कपाटातला ठेवणीतला कप निघतो ना, तसं.

बघा, विचारणाऱ्याचा अपमान नाही, त्याला गोंजारणंही नाही. कारण सांगितलंय, आणि ते त्याला कळेल अशा वस्तूतून सांगितलंय. तुम्हाला कारण कळू शकतं, हे गृहीत धरणं हाच माझ्या मते त्यांचा लोकांबद्दलचा आदर होता.

जाता जाता एक टपालखात्याची गंमत. इंग्लंडात त्याच काळात लॉर्ड रसेल नावाचे दुसरे एक गृहस्थ होते, लिव्हरपूलचे लॉर्ड रसेल. नाझींच्या युद्धगुन्ह्यांवरच्या पुस्तकामुळे तेही प्रसिद्ध. यांची पत्रं त्यांना, त्यांची यांना. एका वाडीत दोन दत्तू पाटील असले की आमचा पोस्टमन कसा रडकुंडीला यायचा, ते मला माहीत आहे. हे दोघं बिचारे एकमेकांची पत्रं पाठवून देत राहिले. शेवटी बर्ट्रांड रसेलनी सुचवलं की आपण मिळून निवेदन काढू या. फेब्रुवारी 1959मध्ये 'टाइम्स'मध्ये दोघांच्या सहीचं पत्र आलं. सारांश असा: वारंवार होणारा गोंधळ टळावा म्हणून कळवतो की आम्हा दोघांपैकी कुणीही दुसरा नाही. तर्कशास्त्राचं उभं आयुष्य या एका वाक्यात सार्थकी लागलं, असं मला वाटतं.

पत्र ही वस्तू बर्ट्रांड रसेलनी तुरुंगातही हाताळली होती. पहिल्या महायुद्धाला विरोध केला म्हणून 1918 साली ते लंडनमधल्या ब्रिक्स्टनच्या तुरुंगात होते. बाहेर जाणारी पत्रं गव्हर्नर वाचायचा. प्रेयसीला लिहायचं कसं? मग फ्रेंच राज्यक्रांतीच्या आठवणींची पुस्तकं वाचतोय असं दाखवून फ्रेंचमध्ये प्रेमपत्रं रचली आणि ती त्या क्रांतीतल्या ब्यूझो नावाच्या पुढाऱ्याने मादाम रोलाँला लिहिलेली, पुस्तकातून उतरवलेली आहेत असं सांगितलं. गव्हर्नरला बहुधा फ्रेंच येत नव्हतं आणि तसं कबूल करायची लाज वाटत होती. पुढे त्याहून सोपी युक्ती सापडली: पुस्तकाच्या न कापलेल्या, कडेला जोडलेल्याच पानांच्या आत चिठ्ठी सरकवायची. पहारेकऱ्यासमोर हे समजावून सांगता येईना, म्हणून भेटायला आलेल्या मैत्रिणीच्या, ऑटोलिन मॉरेल यांच्या हातात लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीचा अंक दिला आणि म्हणाले, दिसतो त्यापेक्षा हा अंक रंजक आहे. पोस्टात असतो तर मी या माणसावर लक्ष ठेवलं असतं.

तर ही झाली हलकी बाजू. आता मला जरा वेगळं बोलायचं आहे, आणि इथे रसेलभक्त माझ्यावर नाराज होतील.

शांततेच्या चळवळीतले रसेल आपल्याला माहीत असतात ते राष्ट्रप्रमुखांना लिहिणारे. 1955चा आइन्स्टाइनबरोबरचा अण्वस्त्रांविरुद्धचा जाहीरनामा. 1961 साली 89व्या वर्षी, अण्वस्त्रविरोधी आंदोलनापायी, पुन्हा ब्रिक्स्टनमध्ये एक आठवडा. आणि मग ऑक्टोबर 1962. सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून क्यूबाचं प्रकरण पेटलं तेव्हा त्या वेल्समधल्या घरातून अमेरिकेचे केनेडी आणि रशियाचे ख्रुश्चेव्ह दोघांना तारा गेल्या. ख्रुश्चेव्हनी जाहीर उत्तर दिलं आणि अख्ख्या जगाचे बातमीदार त्या आडगावात धडकले. केनेडींचं उत्तर दोन दिवसांनी आलं. त्यात त्यांनी ऐकवलं की तुम्ही चोरांना पकडणाऱ्यांऐवजी चोरांकडे लक्ष द्या. केनेडींना पाठवलेली तार पाहिली तर त्यांचा राग कळतो. तीत कारण कुठेच नाही, नुसता निषेध: तुमचं कृत्य अविचारी आहे, त्याला समर्थन असूच शकत नाही. ख्रुश्चेव्हना मात्र विनंती. आता तारेत शब्दागणिक पैसे पडतात, हे मला कुणी शिकवायला नको. पण किटलीवाल्या पत्रातही शब्द काही जास्त नव्हते.

त्या काळात राल्फ शोनमन नावाचा तरुण अमेरिकी सचिव त्यांच्याजवळ होता. तारांची भाषा त्याची की रसेलची, यावर पुष्कळ वाद झाले. पुढे त्यांचं बिनसलं आणि मृत्यूच्या दोनेक महिने आधी, डिसेंबर 1969मध्ये, रसेलनी त्याच्याबद्दल एक लांबलचक टिपण सही करून ठेवलं. मी त्या वादात पडत नाही. सही रसेलची होती, जबाबदारीही त्यांनी घेतली. पण माझं मत असं की साऱ्या जगाने वाचावं म्हणून लिहिलेल्या पत्रांपेक्षा, एकाच माणसाने वाचावं म्हणून लिहिलेल्या पत्रांत ते जास्त खरे होते.

भारतापुरतं हे आपल्याला टोचतं. 1930च्या दशकात लंडनच्या इंडिया लीगचे ते अध्यक्ष होते, आपल्या स्वातंत्र्याच्या बाजूने उभे राहिलेले. आणि क्यूबाच्याच त्या आठवड्यांत चीनने आपल्यावर हल्ला केला, तेव्हा त्यांनी नेहरू आणि चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय यांनाही तारा धाडल्या: लढाई थांबवा, बोलणी करा. नेहरूंनी उत्तरं दिली. हा सारा व्यवहार त्यांनी 1963च्या पुस्तकात छापला आणि त्यात चीनला बरंच झुकतं माप दिलं. ते वाचताना माझी आजही चरफड होते. माझ्या वडिलांनी त्या वर्षी जवानांसाठी बोटातली अंगठी काढून दिली होती, तेव्हा मी तटस्थ असल्याचा आव आणत नाही.

पण त्याच वर्षी दुसरंही एक घडत होतं. रसेल या वयात तुरुंगात गेले ही बातमी वाचून सतीशकुमार आणि ई. पी. मेनन या दोन तरुणांनी ठरवलं की आपण बसून काय राहिलोय? 1 जून 1962ला ते दिल्लीहून पायी निघाले, अण्वस्त्रांच्या राजधान्यांकडे: मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टन. निघण्याआधी विनोबांकडे गेले. विनोबांनी शिदोरी दिली ती अशी: खिशात एक पैसा ठेवू नका, आणि मांसाहार करू नका. पवनारच्या म्हाताऱ्याने वेल्सच्या म्हाताऱ्याकडे धाडलेली ही जणू दोन पायांची टपालथैली! ते खरोखरच पोचले, रसेलना भेटले, आणि पुढे समुद्र ओलांडायच्या तिकिटांसाठी रसेलनी मदत केली. नेहरूंना आलेल्या तारांपेक्षा मला हा पत्रव्यवहार मोठा वाटतो.

येईल त्याला उत्तर, असं असूनही एकदा त्यांनी नकार दिला, तो सांगायलाच हवा. ब्रिटिश फॅसिस्टांचा पुढारी ऑस्वल्ड मोझ्ली त्यांना पत्रं आणि सोबत कागदपत्रं पाठवत होता. केराची टोपली जवळच असणार. तरी 22 जानेवारी 1962ला त्यांनी उत्तर लिहिलं. तुमचे मुद्दे मला मान्य नाहीत असं नाही, असं म्हणत त्यांनी वाद बाजूलाच ठेवला. फॅसिझमच्या क्रौर्याला विरोध करण्यात माझी सारी शक्ती गेली आहे. आपल्या दोघांची भावविश्वं इतकी परस्परविरोधी आहेत की आपल्या संबंधातून काहीही सच्चं निपजणार नाही. हे मी उद्धटपणे म्हणत नाही, हेही शेवटी लिहिलं. नाही म्हणायलासुद्धा पत्र लिहिलं, पोस्टात टाकलं. हल्ली आपण काय करतो? दोन निळ्या खुणा दिसतात आणि समोरचा गप्प.

हा माणूस हे शिकला कुठे? माझा तर्क सांगतो. 1902 साली तिशीतले रसेल एका पुस्तकात अडले. जर्मनीतल्या येना गावचे प्राध्यापक गोटलोब फ्रेगे यांनी अंकगणित तर्कशास्त्रावर उभं करण्यात उमेदीची वर्षं घालवली होती, दुसरा खंड छपाईला गेला होता. रसेलना त्या उभारणीच्या पायातच एक भेग दिसली. ओळख ना पाळख, त्यांनी हसलमियरहून जर्मनमध्ये पत्र लिहिलं: तुमचं बहुतेक सगळं पटलं, फक्त एके ठिकाणी अडचण आली आहे. त्या अडचणीने इमारत कोसळत होती.

याला साठ वर्षं झाल्यावर यान व्हॅन हाइनूर्ट या प्राध्यापकाने (हा तरुणपणी रशियन क्रांतिकारक ट्रॉट्स्कीचा सचिव होता, सचिवांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो) रसेलना विचारलं, तो पत्रव्यवहार छापू का? रसेलनी उत्तर दिलं 23 नोव्हेंबर 1962ला. चीनने एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर करून दोनच दिवस झाले होते, घरात तारांचा ढीग असणार. त्यात या नव्वदीच्या माणसाने फ्रेगेबद्दल लिहिलं की सचोटी आणि मनाचा मोठेपणा यांचा विचार करताना त्यांच्या तोडीचं दुसरं काही मला आठवत नाही; त्यांचं आयुष्यभराचं काम पुरं होत आलं होतं, आपलं गृहीतक चुकलं हे कळल्यावर मात्र त्यांना निराशेपेक्षा बौद्धिक आनंदच जास्त झाला.

मी पोस्टाचा माणूस, मी फक्त तारखा पाहिल्या. रसेलचं पत्र 16 जूनचं. इंग्लंडातून समुद्र ओलांडून जर्मनीच्या मध्यावर ते पोचायचं, वाचून व्हायचं, आपलं काम मोडलं हे समजायचं. फ्रेगेंच्या उत्तरावर तारीख आहे 22 जून.