सही न करणारा मळेवाला: जॉर्ज मेसन

हे गन्स्टन हॉल. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात, पोटोमॅक नदीकाठी. मालक जॉर्ज मेसन, जन्म १७२५. नऊ वर्षांचा असताना याच नदीत होडी उलटून त्याचे वडील बुडाले. तो शिकला मुख्यतः आत्याच्या यजमानांच्या, वकील जॉन मर्सर यांच्या ग्रंथसंग्रहात.

मळ्यात तंबाखू आणि गहू. सुतार, लोहार, विणकर, जोडे शिवणारे सगळे इथलेच, आणि सगळे गुलाम.

मेसनला राजकारणाचा तिटकारा. त्यात गाउटने, म्हणजे सांध्यांच्या दुखण्याने, पाय धरलेले. तरीही १७७६ साली विल्यम्सबर्गमध्ये व्हर्जिनियाच्या हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा त्यानेच लिहिला. सर्व माणसं जन्मतः सारखीच स्वतंत्र, हे त्यातलं पहिलंच कलम. सभेतल्या मळेवाल्यांच्या पोटात गोळा आला. उद्या गुलामांनी हेच वाक्य पुढे केलं तर? मग त्यात काही शब्द घुसडले: ‘समाजात सामील होताना’. गुलाम समाजात धरलेलेच नव्हते. झालं काम! जाहीरनामा १२ जूनला मंजूर.

१७८७, फिलाडेल्फिया. अमेरिकेची राज्यघटना लिहिली जातेय. २२ ऑगस्टला मेसन गुलामांच्या व्यापारावर तुटून पडला. गुलामांचा प्रत्येक मालक जन्मतःच छोटा जुलमी असतो, म्हणाला. साउथ कॅरोलिनाच्या पिंक्नींनी लगेच चिमटा काढला: आयात थांबली तर व्हर्जिनियाचाच फायदा, तिच्याकडच्या गुलामांचे भाव चढतील. टोला बिनबुडाचा नव्हता.

सप्टेंबरात मेसन म्हणाला, घटनेला हक्कांची सनद जोडा, काही तासांचं काम आहे. मतदान झालं. बाजूने एकही राज्य नाही, विरोधात दहा. या मसुद्यावर सही करण्यापेक्षा उजवा हात तोडून घेईन, असं तो आधीच म्हणून बसला होता. १७ सप्टेंबरला सह्या झाल्या. मेसन, रँडॉल्फ आणि गेरी यांनी सही केली नाही. शेजारी जॉर्ज वॉशिंग्टनशी असलेली जुनी मैत्री यातच आटली.

डिसेंबर १७९१ मध्ये हक्कांची सनद लागू झाली. पुढच्या ऑक्टोबरात मेसन याच घरी वारला.

त्याचं मृत्युपत्र १७७३ चं. त्यात मुलांना जमिनी वाटून दिल्यात. आणि गुलामही, नावानिशी.