मेगिद्दोचा गहू आणि दैर अल-मदिनाचा संप

[दृश्य : कर्नाक. कोरीव अक्षरांनी भरलेली भिंत]

इजिप्तचा राजा तिसरा थुतमोस याने नाईलकाठच्या कर्नाक येथे अमून देवाच्या मंदिरात, गाभाऱ्याभोवतीच्या या भिंतींवर आपल्या मोहिमांचा वृत्तान्त कोरून घेतला. इ.स.पू. १४५७च्या सुमारास कनानच्या, म्हणजे आजच्या इस्रायल-पॅलेस्टाईन भागातल्या, राजांनी एकजूट करून मेगिद्दोच्या गढीत सैन्य जमवले, तेव्हा सेनानींचा विरोध असतानाही तो अरुनाच्या अरुंद खिंडीतून, माणसामागे माणूस आणि घोड्यामागे घोडा अशा रांगेने उतरला आणि शत्रू ज्या वाटेवर नजर ठेवून नव्हता त्याच वाटेने मैदानात आला. पुढे सात महिने शहराला वेढा पडला. हाती आलेल्या लुटीची यादी भिंतीवर आहे : ९२४ रथ, दोन हजारांवर घोडे आणि मेगिद्दोच्या शेतांतून कापून आणलेला २,०७,३०० पोती गहू.

रथांचा आकडा इतिहासाच्या पुस्तकांत हमखास येतो. आम्ही मात्र गव्हाच्या नोंदीपाशी थांबलो, कारण त्या काळच्या इजिप्तमध्ये नाणी नव्हती. शिपाई, लेखनिक आणि पाथरवट यांचे वेतन धान्याच्या मापात मोजले जाई, आणि राज्याचा शब्द किती खरा हे कोठारातून बाहेर पडणाऱ्या पोत्यांवरून कळे.

हे साम्राज्य उभे राहायला जेमतेम शंभर वर्षे लागली. नाईलच्या त्रिभुज प्रदेशात अवारिस येथून राज्य करणाऱ्या हिक्सोस या परक्या राजांना आहमोसने इ.स.पू. १५५०च्या सुमारास हुसकावले. त्यांच्याच काळात इजिप्तमध्ये रुळलेले रथ घेऊन पहिला थुतमोस उत्तरेस युफ्रेटिसपर्यंत गेला. इजिप्तच्या दक्षिणेकडील नूबिया प्रदेशाच्या खाणींतले सोने येऊ लागले. त्याच्या नातवाने, म्हणजे तिसऱ्या थुतमोसने, जिंकलेल्या राजांची मुले इजिप्तमध्ये आणून वाढवली आणि वडिलांनंतर त्यांनाच परत गादीवर बसवले.

[दृश्य : दैर अल-मदिना. डोंगराच्या कुशीतील घरांचे पाये]

नाईलच्या पश्चिमेच्या डोंगरामागे, कुठलीही विहीर पुरेसे पाणी देत नाही अशा या खोलगट जागेत राजांच्या कबरी खोदणाऱ्यांचे गाव होते. तटाच्या आत सुमारे ६८ घरे, मधून एक अरुंद गल्ली. पाणी वाहून आणावे लागे. मासे, भाजी, सरपण हे सारे बाहेरून पुरवले जाई. साध्या कारागिराला दरमहा चार खार गहू आणि दीड खार जव मिळे. एक खार म्हणजे सुमारे ७७ लिटरचे माप. हा गहू म्हणजे आपल्याकडे ज्याला खपली म्हणतात त्याच जातीचा, आणि जवाची बिअर घरोघरी होई.

[दृश्य : होरेमहेबची कबर, अपुऱ्या राहिलेल्या भिंती]

राजांच्या दरीतील होरेमहेब राजाची ही कबर पुरी झाली नाही, म्हणून कामाची प्रत्येक पायरी येथे उघडी दिसते. कबरी खोदणाऱ्या कारागिरांच्या टोळीचे उजवी आणि डावी असे दोन भाग असत. तांब्या-काशाच्या छिन्न्या राज्याच्या मालकीच्या असल्याने त्या वजन करून दिल्या जात आणि वजन करूनच परत घेतल्या जात. आत अंधार असल्यामुळे दिव्यांच्या वातीही मोजून मिळत आणि किती जळल्या याचा हिशेब लेखनिक ठेवी. खडक फोडून भिंत सपाट झाली, की तिला गिलावा होई आणि सुताने चौकटी आखल्या जात. मग एक जण तांबड्या रंगात आकृती काढी, त्याच्याहून जाणता हात काळ्या रेषेने तिची दुरुस्ती करी, आणि त्यानंतर छिन्नी चाले. रंग सर्वांत शेवटी येई. पहा, तांबड्या खांद्याची रेषा येथे काळ्या रेषेने किंचित खाली घेतली आहे. ज्याने ती घेतली त्याचे नाव भिंतीवर नाही; नाव राजाचे आहे.

[दृश्य : मेदिनेत हाबू, आरमारी लढाईचे शिल्प]

तिसऱ्या रामसेसने आपल्या कारकिर्दीच्या आठव्या वर्षी समुद्रमार्गे आलेल्या टोळ्यांना परतवले, ते हे दृश्य त्याच्याच स्मृतिमंदिराच्या भिंतीवर आहे. उत्तरेचे, आजच्या तुर्कस्तानातले, हित्ती राज्य तोवर कोसळले होते आणि पूर्व भूमध्य समुद्रावरचा व्यापार विस्कटला होता. इजिप्त वाचला, कोठारे मात्र हळूहळू रिकामी होत गेली.

[दृश्य : तुरिनच्या संग्रहालयातील पपायरस]

त्याच राजाच्या, तिसऱ्या रामसेसच्या, कारकिर्दीच्या २९व्या वर्षी दैर अल-मदिना गावाच्या टोळीने काम थांबवले आणि पहाऱ्याच्या भिंती ओलांडल्या. महिन्याचे अठरा दिवस उलटले तरी धान्य आलेले नव्हते. लेखनिक अमेननख्तने या संपाची हकीकत लिहून ठेवली. कामगारांच्या संपाची जगातील सर्वांत जुनी तपशीलवार नोंद म्हणून ती ओळखली जाते. कारागीर जाऊन बसले ते तिसऱ्या थुतमोसच्या, मेगिद्दोचा गहू घरी आणणाऱ्या त्याच राजाच्या स्मृतिमंदिरामागे. पुढे रामसेउममध्ये, म्हणजे दुसऱ्या रामसेसच्या स्मृतिमंदिरात, शिरून त्यांनी सांगितले, की भूक आणि तहान आम्हांला येथे घेऊन आली आहे. कपडे नाहीत, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही. आमच्या स्वामींना, फॅरोला, हे कळवा. हे बंड नव्हते. ठरलेले वेतन ठरलेल्या दिवशी मिळावे एवढेच त्यांचे म्हणणे होते, आणि ते त्यांनी योग्य दारात जाऊन मांडले.

राजाच्या कारकिर्दीच्या तिसाव्या वर्षाच्या उत्सवासाठी ‘तो’ नावाच्या वजिराने दक्षिणेतल्या देवमूर्ती गोळा केल्या होत्या. उत्तरेकडे निघताना त्याने निरोप पाठवला, की कोठारातच काही नसले तरी जे सापडेल ते मी देईन. मिळाले ते अर्धे धान्य. काही दिवसांनी टोळी पुन्हा बाहेर पडली.

पुढे चौथ्या रामसेसने टोळीत १२० माणसे केली आणि थोड्याच वर्षांत ती पुन्हा कमी झाली. सहाव्या रामसेसच्या सुमारास कनानमधली ठाणी गेली, नवव्याच्या काळात कबरफोडीचे खटले चालले आणि आरोपींमध्ये पाथरवटही होते. अकराव्या रामसेसनंतर, इ.स.पू. १०७०च्या सुमारास, देश उत्तरेतील तानिसचे राजे आणि कर्नाक ज्या शहरात आहे त्या थीब्सचे अमूनचे पुजारी यांच्यात वाटला गेला. दैर अल-मदिनाचे लोक त्याआधीच घरे सोडून मेदिनेत हाबूच्या तटाआड राहायला गेले होते.