सही करण्याआधी

नमस्कार. कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय ‘बेघर वृद्ध स्त्रिया’ असा छापलाय. बेघर म्हटलं की आपल्याला उड्डाणपुलाखाली गाठोडं उशाशी घेऊन बसलेली म्हातारी आठवते. ती आहेच. पण मी आज बोलणार आहे ती बाई तुमच्या सोसायटीत राहते. दारावर नवऱ्याच्या नावाची पाटी आहे आणि घराच्या कागदांवर हिचं नाव कुठेच नाही.

नवरा गेला की सांत्वनाला आलेली माणसं म्हणतात, ‘घर आहे ना डोक्यावर, मग काळजी कसली?’ पण घर कुणाचं? नवऱ्याच्या स्वकष्टाचं घर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको आणि मुलं सारख्या वाट्याचे वारस. सासूबाई हयात असल्या तर त्यासुद्धा. (मुस्लिम आणि ख्रिस्ती भगिनींचे वाटे वेगळे आहेत, त्याबद्दल नंतर भेटा.) म्हणजे सासूबाई नसतील आणि दोन मुलं असतील तर बायकोचा वाटा एक तृतीयांश. वन बीएचकेचा एक तृतीयांश म्हणजे नेमकं काय? स्वयंपाकघर, बहुतेक.

त्यात सोसायटीत नॉमिनी म्हणून थोरल्याचं नाव. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे कोर्टांनी किती वेळा सांगितलं. घरात ते कुणाला माहीत नसतं.

मग तेरावं उरकतं आणि महिन्या-दोन महिन्यांत कागद पुढे येतो. ‘आई, इथे सही कर, पुढे कटकट नको.’ तो कागद हक्कसोडपत्र असतो, नाहीतर बक्षीसपत्र. मुलानातवंडांना राहतं घर बक्षीस द्यायला आपल्याकडे मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. सरकारचा हेतू चांगला होता, त्यात शंका नाही. पण घर इतक्या स्वस्तात हातातून जातं, आणि आई सही करते ती विश्वासाने. मुलगाही त्या दिवशी खोटं बोलत नसतो, हे मी मुद्दाम सांगते. पुढे त्याची नोकरी जाते, कर्ज होतं, घर विकायची वेळ येते, आणि विकताना आईला विचारायची गरज उरलेली नसते.

पुरुषांवर ही वेळ येत नाही असं नाही. पण आपल्याकडे नवरा वयाने मोठा, त्यामुळे मागे उरते ती बहुधा बायको. तिला पेन्शन नाही, दागिने मुलांच्या शिक्षणात गेलेले. भाड्याने घर घ्यावं म्हटलं तर एकट्या म्हातारीला कोण देतो? दिलं तरी करार अकरा महिन्यांचा. पुनर्विकासातही तेच. गोरेगावच्या पत्राचाळीत ६७२ कुटुंबं होती. २००८ साली करार झाला आणि पुढची दहा वर्षंसुद्धा नवं घर मिळालं नाही. मध्येच बिल्डरकडून मिळणारं भाडं बंद झालं. सत्तरीतल्या बाईने सामान किती वेळा बांधायचं?

कायदा आहे. २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठांच्या निर्वाहाचा कायदा. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा असतो. त्याचं कलम २३ सांगतं, सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर तो व्यवहार रद्द होऊ शकतो. सगळी मेख त्या ‘अटीवर’मध्ये आहे. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, अट नसेल तर हे कलम लागू नाही. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईला त्याच न्यायालयाने मालमत्ता परत मिळवून दिली. तिथे मुलाने सांभाळण्याचं वचन वेगळ्या कागदावर लिहून दिलेलं होतं. तो कागद कामी आला.

आणि कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा फक्त सुनांसाठी आहे असं समजू नका. छळ होत असेल तर आईलाही त्याखाली राहत्या घराचं संरक्षण मागता येतं.

माझं म्हणणं सरळ आहे: जिवंतपणी घर देऊ नका. द्यायचंच असेल तर मृत्युपत्राने द्या. ते साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि मन बदललं तर उद्या नवं करता येतं. बक्षीसपत्र एकदा नोंदवलं की मन बदलून भागत नाही. मुलं रागावतील? रागावू देत. समोर बसलेल्या पुरुषांना एवढंच सांगते, बायकोला या घरात हयातभर राहण्याचा हक्क आहे, हे तुमच्या मृत्युपत्रात शब्दांत लिहा. ‘मुलं बघतीलच’ असं गृहीत धरू नका.

तरीही कुणाला बक्षीसपत्र करायचंच असेल, तर हे वाक्य त्यात आलं पाहिजे. लिहून घ्यायचं असेल तर घ्या, मी सावकाश सांगते: ‘देणाऱ्याचा सांभाळ, औषधपाणी आणि या घरात हयातभर राहण्याची सोय घेणाऱ्याने करायची आहे, आणि याच अटीवर हे बक्षीस दिले आहे.’ झालं लिहून? मग आता प्रश्न घेऊ.