दप्तरातला सातबारा, पडद्यावरचा सातबारा

लाल कापडात बांधलेली दप्तरे, चावडीतले लाकडी कपाट आणि त्या कपाटाची किल्ली ज्यांच्या कमरेला असे ते तलाठी, एवढ्यावर महाराष्ट्रातल्या गावांचा जमिनीचा व्यवहार कित्येक दशके चालत आला. सोसायटीचे पीककर्ज असो, विहिरीसाठी वीजजोडणी असो की कोर्टातला दावा, प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच असे : सातबारा आणला का?

गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख; त्यात भोगवटादाराचे नाव, गट क्रमांक, क्षेत्र, आकार म्हणजे शेतसारा, आणि इतर हक्कांत बँकेचा बोजा दिसतो. गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही. हे दोन नमुने एकाच कागदावर आले, म्हणून तो सातबारा. वारस, खरेदी, वाटणी असा कोणताही बदल आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत लिहिला जातो आणि तो मंजूर झाल्यावरच सातबाऱ्यावर उतरतो.

हे सारे लेखन संगणकावर आणणे म्हणजे केवळ कागदाची नक्कल करणे नव्हते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 157 नुसार अधिकार अभिलेखातली नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागी नवी नोंद होईपर्यंत, खरी मानली जाते. म्हणून कारकुनाच्या हातून एखाद्या भावाचे नाव गळले किंवा गुंठ्यांचे आर करताना क्षेत्र चुकले, तर ती चूकही कायद्यापुढे खरी ठरते आणि ती खोटी आहे हे दाखवण्याचा भार शेतकऱ्यावर येतो. हस्तलिखित सातबारा आणि संगणकीकृत सातबारा ओळीला ओळ लावून जुळवण्याचे किचकट काम तलाठ्यांनी केले, ते यासाठी. या सुधारणेतला सर्वांत मोलाचा भाग माझ्या मते हाच आहे, आणि त्याचीच दखल सर्वांत कमी घेतली गेली. लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी कलम 155 खाली तहसीलदारांचा आदेश लागतो. तो मार्ग संगणक आला तरी बदललेला नाही.

2018 च्या महाराष्ट्र दिनापासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. पंधरा रुपये भरून कोणीही, कोणत्याही वेळी, आपल्या गटाचा उतारा काढू शकतो. ज्यांनी एका उताऱ्यासाठी तालुक्याच्या दोन-तीन फेऱ्या मारल्या आहेत, दिवसाची मजुरी बुडवली आहे, त्यांना या सोयीची किंमत सांगावी लागत नाही.

फेरफाराचेही तसेच झाले. दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदला की त्याची माहिती संगणकावरूनच महसूल खात्याकडे जाते, हितसंबंधितांना नोटीस निघते, पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकतीची ही मुदत कोणी अडथळा समजू नये. बहिणीला न विचारता केलेली वाटणी उघडी पडण्याची संधी याच पंधरा दिवसांत असते.

2021 च्या 15 ऑगस्टपासून गाव नमुना बाराची नोंदही शेतकऱ्याच्या हाती आली. ई-पीक पाहणीत तो स्वतः आपल्या शेतात उभा राहून मोबाइलवर पिकाचे छायाचित्र घेतो आणि पेरा नोंदवतो. पूर्वी कुणाच्या शेतात सोयाबीन उभे असताना कागदावर कापूस दिसे, आणि नुकसान भरपाईच्या वेळी ते भोवे. मात्र सह्याद्रीच्या कुशीतल्या वाडीवर, जिथे नेटवर्क डोंगराआड जाते, किंवा घरात एकच साधा फोन आहे, तिथे अजून कुणाच्या तरी मदतीनेच ही नोंद होते.

आणि एक गोष्ट संगणकाला कळू शकत नाही : खातेदार वारला. डिजिटल स्वाक्षरी आजच्या तारखेची, पण नाव वीस वर्षांपूर्वी गेलेल्या आजोबांचे, असे उतारे गावोगाव आहेत. वारस नोंद नाही म्हणून कर्ज अडते, भरपाई अडते, नातवंडांची वाटणी अडते. 2025 मध्ये बुलढाणा जिल्ह्यात सुरू झालेली आणि पुढे राज्यभर नेलेली ‘जिवंत सातबारा’ मोहीम याच प्रश्नासाठी होती. तिचा आरंभ कोणत्याही यंत्रावर झाला नाही. तलाठी चावडीत बसले, त्यांनी खातेदारांची नावे मोठ्याने वाचली, आणि यातले कोण हयात नाही, हे जमलेल्या गावकऱ्यांनी सांगितले.