शंभर ऐरणी आणि एक कॉर्नेट

श्रोतेहो, नमस्कार. १८६९ चा जून महिना, बॉस्टन शहर. लाल शर्ट घातलेले आगीच्या बंबावरचे शंभर जवान रांगेनं मंचावर येतात. हातात घण, पुढ्यात ऐरण. हजार वादक, दहा हजार गायक. इटालियन संगीतकार व्हर्दीच्या ऑपेरातलं लोहारकामाचं समूहगीत सुरू होतं, शंभर घण तालात पडतात आणि बाहेर तोफा गरजतात. तोफांची कळ होती विजेवर चालणारी, आतूनच दाबायची! ऐकायला खुद्द राष्ट्राध्यक्ष ग्रँट आलेले.

हा सगळा गाजावाजा घडवून आणणारा माणूस म्हणजे पॅट्रिक गिल्मोर. आयर्लंडच्या गॉलवे परगण्यातला, कॉर्नेट म्हणजे छोट्या ट्रंपेटसारखं पितळी वाद्य वाजवणारा. बटाट्याच्या पिकावर रोग पडून देश उपाशी मरत होता, तेव्हा १८४९ मध्ये, विशीही न ओलांडलेला हा पोरगा बॉस्टनला उतरला. आयरिश माणसाला तिथे कोण विचारतो? १८५४ मध्ये परदेशी आणि कॅथलिक लोकांना विरोध करणारा पक्ष मॅसॅच्युसेट्समध्ये, म्हणजे बॉस्टनच्याच राज्यात, निवडून आला, आणि पुढच्याच वर्षी गव्हर्नरनं आयरिश शिपायांच्या तुकड्या मोडीत काढल्या. गिल्मोर मात्र गणवेश घालून, बँड घेऊन, त्याच शहराच्या रस्त्यांवरून वाजवत निघे.

अमेरिकेच्या यादवी युद्धात तो मॅसॅच्युसेट्सच्या २४ व्या पलटणीबरोबर गेला. घरी परतणाऱ्या सैनिकाचं त्याचं गाणं १८६३ मध्ये छापून आलं, आजही अमेरिकेत ते गुणगुणलं जातं. गंमत म्हणजे त्यावर नाव होतं लुई लँबर्ट! म्हणजे गिल्मोरच, टोपणनावानं.

संगीताचा जाणकार टीकाकार ड्वाइटनं १८६९ च्या त्या भपक्यावर सडकून टीका केली. मला विचाराल तर, त्याचं सगळंच चूक नव्हतं. १८७२ मध्ये गिल्मोरनं पुन्हा तसाच सोहळा भरवला आणि आकडे दुप्पट केले, दोन हजार वादक, वीस हजार गायक. व्हिएन्नाहून वॉल्ट्झ नृत्यसंगीताचा नामांकित रचनाकार योहान स्ट्राउस आला, आणि त्या गोंगाटानं तोही हबकला. पैशाचं गणितही कोसळलं. पण गावोगावच्या गायनमंडळांनी महिनोन्महिने तालमी केल्या होत्या, हे ड्वाइटच्या हिशेबात फारसं बसत नाही.

गिल्मोर मग न्यूयॉर्कला गेला. तिथे २२ व्या पलटणीचा बँड त्यानं इतका घासून-पुसून तयार केला की युरोपातही त्याला दाद मिळाली. २४ सप्टेंबर १८९२ ला, सेंट लुईसच्या दौऱ्यातच तो वारला. दोन दिवसांनी न्यू जर्सीत प्रसिद्ध बँडप्रमुख जॉन फिलिप सूझाच्या नव्या बँडचा पहिला कार्यक्रम होता. सूझानं आरंभ केला, तो गिल्मोरच्याच एका रचनेनं.